एक लाख एकला कशाने भाग जातो

एक लाख एक ही संख्या दिसायला गरीब आहे. दोन टोकांना एकेक आणि मध्ये चार शून्यं. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. रिकाम्या घराच्या पुढच्या नि मागच्या दाराशी एकेक म्हातारी बसलेली असावी, तसं रूप. दोनाने भागा, एक उरतो. चाराने, पाचाने, आठाने, दहाने भागा, तरी एकच उरतो. तिनाने भागलं तर दोन उरतात, साताने भागलं तर सहा. पुरती वाटून म्हणून कुणाला घेऊ देत नाही. हे सगळं मी एका संध्याकाळी हौसेने शोधून काढलं होतं. ती हौस कुठे घेऊन जाणार आहे ते तेव्हा कळलं असतं, तर त्यापेक्षा भाजी निवडत बसले असते.

तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि रत्नागिरीत मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. तेव्हाच्या त्या बाईंची, म्हणजे माझीच, आता मला मोठी गंमत वाटते. ग्रहणाच्या दिवशी त्यांनी भर वर्गात डबा उघडून पोहे खाऊन दाखवले होते, मुलींच्या मनातलं अज्ञान जावं म्हणून. पोहे कोरडे होते. बाईंना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "लागलं." अज्ञान तिथेच राहिलं, पोहे तेवढे सांडले.

१९९८ साली माझ्या लेकीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हा ती चिपळुणात सासरी होती. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले तेव्हा माझ्या सासूबाईंनी वाट पाहिली नाही. पाचव्यातच तिला आमच्याकडे आणवलं आणि ग्रामदेवीपुढे बोलल्या, "पोर सुखरूप सुटू दे, तुला लक्षवात लावीन. एक लाख एक." म्हणजे तेवढ्या फुलवाती हाताने वळायच्या, तुपात भिजवायच्या आणि देवळात एकदम पेटवायच्या.

"वरची एक कशाला?" मी विचारलं.

"शून्यावर संपलेलं देवाला देऊ नये गो. तू तरी लग्नाच्या पाकिटात नुसती शंभराची नोट घालत्येस का?"

मी शंभरावर एक घालणारीच होते, त्यामुळे वाद तिथेच संपला. शिवाय त्या वर्षअखेरीस सगळं जगच शून्यांना घाबरलेलं होतं. सालाचे शेवटचे तिन्ही आकडे शून्य झाले की कॉम्प्युटर वेडे होणार, असं पेपरात रोज येत होतं. आमचे हे बँकेत होते. ते घरी येऊन सांगायचे की साहेबांनी सगळ्या नोंदी कागदावर छापून कपाटात ठेवायला सांगितल्यात. सासूबाई म्हणाल्या, "बघ. इंग्रजांनासुद्धा कळलं."

लाख वाती एका हाताने होत नाहीत. आळीतल्या बायका मदतीला येणार होत्या. आम्ही सासू-सुना धरून मोजल्या तर अकरा भरल्या. आणि इथे त्या बाईंनी वही-पेन्सिल घेतली. अकराची कसोटी सोपी असते: एक आड एक अंकांची बेरीज करायची, दोन्ही बेरजा सारख्या आल्या की भाग जातो. इथे दोन्हीकडे एक. एक लाख एक भागिले अकरा, बरोबर नऊ हजार एक्याण्णव, बाकी शून्य. पुढे नऊ हजार एक्याण्णवला कशाने भाग जातो ते पाहू म्हणून तासभर झगडले, तर तो कशानेच जाईना. मूळ संख्या. म्हणजे एक लाख एकचे सारखे वाटे करायचे तर एक तर अकरा जणी हव्यात, नाहीतर नऊ हजार एक्याण्णव जणी. त्या तेवढ्या आमच्या आळीत नव्हत्या. अकराच होत्या. मला तो मोठा शुभशकुन वाटला. शकुन हा शब्द मी तेव्हा वापरला नसता, "योगायोग" म्हणाले असते, पण अंगावर काटा आला तो शकुनाचाच.

पडवीत बायका जमल्या तेव्हा मी प्रत्येकीचा वाटा जाहीर केला. समोरच्या काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आम्ही शंभराच्या जुड्या बांधतो. नव्वद जुड्या नि वर एक्याण्णव सुट्या, त्या कशात बांधू?"

"सुट्याच द्या, काकू."

"मी सरळ एक्याण्णव जुड्या देत्ये. वरच्या नऊ तुला."

"नको. बरोब्बर हव्यात."

"देवी काय तुझ्यासारखी पेपर तपासायला बसणार आहे?"

सगळ्या हसल्या. सासूबाई परसातल्या देवकापशीच्या बोंडांतली सरकी काढत बसल्या होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बोंडात बोट घातलं.

लेक मधल्या खोलीत झोपून असायची. डॉक्टरांनी उठायचं नाही असं बजावलं होतं. रक्तदाब वर जात होता, पायांवर सूज होती, जेवणातलं मीठ बंद केलं होतं. वळलेल्या वातींचे वेताचे हारे तिच्याच खोलीत ठेवलेले, कारण तीच खोली कोरडी. दुधाचं बोट लावून वळलेल्या त्या फुलवाती, खाली बुटक्या, वर टोक. एक-दोन असल्या की नाजूक दिसतात. हजारोंनी साचल्या की वेगळ्या दिसतात. खाटेवरून तिला त्या दिवसभर दिसायच्या. हारे भरत चालले होते, तीही भरत चालली होती, आणि खोलीत चुन्यासारखा पांढरा उजेड पडायचा.

एका दुपारी ती फार गप्प होती म्हणून मी तिला हसवायला गेले. तिला म्हटलं, "कुठलाही पाच आकडी आकडा सांग. आजीच्या एक लाख एकने गुणून तोंडी उत्तर देते."

"एकतीस हजार सातशे शेचाळीस."

मी क्षणही न थांबता पाटीवर लिहिलं: ३१७४६३१७४६.

तिने कागदावर करून पाहिलं. बरोबर आलं. दुसरा आकडा दिला, तिसरा दिला. मी भराभर लिहीत गेले. ती पहिल्यांदा हसली. खूप दिवसांनी तिचे दात दिसले, आणि ही बाई फुशारून अधिकच समजावत बसली, "अगं, काही कठीण नाही. ह्या संख्येचा गुणच तो. हिच्यात पाच आकडी काहीही घाल, तेच जसंच्या तसं दोनदा बाहेर येतं."

लेकीचं हसू हळूहळू गेलं. ती पाटीकडे बघत होती.

"जे एकदा झालं, तेच?"

मला वेळ लागला कळायला. कळलं तेव्हा मी पाटी पुसली. पुसल्यावर पाटी जितकी काळी दिसली तितकी ती मला आधी कधी दिसली नव्हती.

संध्याकाळी सासूबाई तिला भात भरवत होत्या तेव्हा ती म्हणाली, "आजी, आकडा बदल ना. लाखावर अकरा कर, एकवीस कर."

"बोललेला नवस बदलत नाहीत, बाळा. काय झालं?"

"काही नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटी गरम करायला आत गेले. आमटी गरमच होती.

पौष लागला. सकाळी धुकं इतकं उतरायचं की परसातलं आंब्याचं झाड नऊ वाजेपर्यंत दिसायचं नाही. दिसलं तेव्हा त्याचा मोहर काळा पडत चाललेला होता. हे रोज खालून वर बघत उभे राहायचे आणि मग बँकेत जायचे. नवं साल उजाडलं, कॉम्प्युटरना काही झालं नाही. लेकीला सातवा लागला.

आणि समोरच्या काकूंना सुतक आलं. त्यांचे मुंबईचे मोठे दीर गेले होते. सुतकात देवाचं काम करता येत नाही, म्हणजे दहा दिवस वातींना हात नाही. त्यातून फोन आला दुसऱ्या दिवशी. तोवर काकूंनी सकाळच्या चार जुड्या वळून आमच्या हाऱ्यात टाकलेल्या. त्या चालतील की नाही यावर पडवीत खल झाला.

"कळेपर्यंत सुतक नसतं," सासूबाईंनी निकाल दिला. "चालतील."

पण त्या गणिताच्या बाईंना चालेना. अकराच्या दहा झाल्या होत्या, आणि दहाने भागलं की एक उरतो. तो एक उरणार म्हणजे कोण उरणार? असले प्रश्न त्या बाईंना पडायला लागले होते. मी गुपचूप काकूंच्या त्या चार जुड्या हाऱ्यातून काढून माडाच्या बुंध्याशी पुरल्या, काकूंचा उरलेला वाटा स्वतःच्या अंगावर घेतला आणि अकराचे अकरा भाग शाबूत ठेवले. ग्रहणात पोहे खाणारी बाई! शाळेत मधल्या सुट्टीत उत्तरपत्रिकांच्या आडोशाला कापूस वळायची. एका मुलीच्या भूमितीच्या पेपरावर दुधाच्या बोटाचा ठसा उमटला, तोही नेमका वर्तुळाच्या मध्यावर. माझी स्वतःची पाळी आली तेव्हा चार दिवस हात बांधून बसले आणि पाचव्या दिवशी न्हाऊन दामदुप्पट वळल्या. माझ्याइतकं सोवळं घरात कुणी पाळत नव्हतं. सासूबाई तर मधेच चहा पिऊन, हात पदराला पुसून पुन्हा वळायला बसायच्या.

"जरा झोप गो," त्या मला म्हणाल्या. "देवीला एवढी घाई नाहीये."

"पण राहिल्या तर?"

"राहिल्या तर राहिल्या. मागाहून वळू."

मागाहून या शब्दाची मला धडकी भरायची.

सातवा महिना मात्र सरळ गेला. ज्या आठवड्यात पहिलं बाळ गेलं होतं तो आठवडा आला आणि गेला. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. काकू सुतकातून उठून परत आल्या, पडवी पुन्हा भरली. मला वाटलं, सुटलो. आठवा लागला तेव्हा मी उत्साहाने तसं म्हणालेही. एकीने हळूच सांगितलं, "बाई, सातव्यातलं जगतं. आठव्यातलं..." ही समजूत मला माहीत होती. वर्गात मी ती खोडूनही काढली असती. त्या दिवशी मी फक्त कापूस उचलला.

मग एका सकाळी लेक म्हणाली, "आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डोकं फार दुखतंय." तिच्या हातांकडे पाहिलं तर बोटं इतकी सुजलेली की बांगडी मनगटात रुतली होती. ह्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि आमच्याशी न बोलता नर्सला हाक मारली. नंतर एवढंच म्हणाल्या, "आत्ता काढायला हवं. दोघांपैकी कुणाचंही मी आत्ता सांगू शकत नाही."

दार बंद झालं. हे रक्ताची सोय बघायला धावले. मी बाकावर एकटी उरले, आणि पर्समधून कापूस काढला. माझा वाटा पुरा व्हायला थोड्याच वाती बाकी होत्या. बाकी दहा जणींचे पुरे झाले होते. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात, फिनेलच्या वासात, दूध नव्हतं म्हणून थुंकीचं बोट लावून मी वाती वळत होते. देवाच्या कामाला उष्टं चालत नाही हेदेखील मी विसरले. येणारी-जाणारी माणसं वळून बघत होती. माझ्या डोक्यात एकच होतं: आतलं उरकायच्या आत हे पुरं झालं पाहिजे. बाकी शून्य आली पाहिजे.

सासूबाई काकूंबरोबर आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"काय करत्येस?"

"माझ्या राहिल्यात. झाल्याच. आता एक जुडीसुद्धा नाही."

"म्हणजे मग किती होतील?"

"एक लाख एक. पूर्ण."

त्या मटकन माझ्या शेजारी बसल्या. "एक लाख एक कशा? आपल्या लाखच. वरची एक तिची."

"कुणाची?"

"जिच्यासाठी नवस असतो तिची. सुटून, उठून, बाळाला मांडीवर घेऊन ती शेवटली वळत्ये. तेव्हा नवस पुरा. म्हणून तर ती वर असते."

"मग मी अकरा भाग केले तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, शाळेत तशी पद्धत असेल."

काकू तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघायला लागल्या. हसत होत्या की काय करत होत्या कोण जाणे. मी मांडीवरच्या वाती बघत राहिले. गेले दोन महिने मी जी संख्या भागत होते ती भागायचीच नव्हती. लाखाला तर दहानेही भाग जातो, पाचानेही, आठानेही; कुणीही कशीही वाटून घ्यावी, कुणाच्या सुतकाने काही अडत नाही. आणि मी त्या एकीला घाईघाईने वाटून टाकायला निघाले होते. लेकीचीच वात मी तिच्याआधी, दवाखान्याच्या बाकावर, थुंकी लावून वळून टाकली असती. वळली तर नसेल ना? मी जीव मुठीत धरून मोजायला लागले. चुकले. पुन्हा मोजल्या. काकूंनी शेवटी माझ्या हातातून त्या काढून घेतल्या आणि जमिनीवर दहा-दहाचे ढीग मांडले. नव्हती वळलेली. लाखाला सात कमी होत्या. त्या मी घरी जाऊन, न्हाऊन, दूध लावून, वेगळ्या वळल्या. थुंकीच्याही सगळ्या फेकून पुन्हा वळल्या.

मुलगी झाली. रडली नाही. नर्स तिला आमच्या समोरून जवळजवळ पळतच घेऊन गेली. कापडातून एक पाऊल बाहेर आलेलं मी पाहिलं, माझ्या अंगठ्याएवढं. बऱ्याच वेळाने आतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. लेकीला त्या रात्री झटके आले. आठवडाभर दोघी दोन खोल्यांत होत्या आणि दोन्ही दारांशी आम्ही आलटून पालटून बसत होतो. डॉक्टरबाई रोज "आजचा दिवस बघू" म्हणायच्या. मग एका दिवशी त्या तसं म्हणाल्या नाहीत.

दोघी घरी आल्या. चैत्रात सासूबाईंनी देवळात लक्षवातीचा दिवस ठरवला. लाख वाती तुपात भिजल्या होत्या. सकाळी त्यांनी पाट मांडला, लेकीला बसवलं, बाळ मांडीवर दिलं, समोर दुधाची वाटी आणि चिमूटभर देवकापूस ठेवला.

"वळ, बाळा. तुझी एक."

लेकीने कापूस घेतला नाही.

"मी नाही वळणार, आजी."

"अगो, असं काय?"

"मी वळली की तो आकडा होतो. मग सगळं पुन्हा होतं." तिचा आवाज शांत होता. "ही काचेच्या पेटीत होती तेव्हा मी ठरवलंय. लाख आहेत ना? लाखच राहू देत."

मी मध्ये पडले. गुणाकार म्हणजे काय, संख्येचा गुणधर्म म्हणजे काय, त्याचा बाळंतपणाशी कसा काही संबंध नसतो, हे मी शाळेतल्या आवाजात सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं.

"मग तू दवाखान्यात काय वळत होतीस?"

सासूबाईंनी तिची मनधरणी केली, रागावल्या, मग पाटापुढे तशाच बसून राहिल्या. अर्धा राहिलेला नवस न बोललेल्या नवसापेक्षा वाईट, एवढं त्या म्हणाल्या, तेही तिला नाही, मला. तिची वात दुसरं कुणी वळू शकत नव्हतं. देवळात लाख वाती पेटल्या. ज्वाळा माणसाच्या उंचीची झाली, काळा धूर गाभाऱ्यात भरला, पुजाऱ्याने दार उघडलं. बायका "छान लागली, छान लागली" म्हणत होत्या. सासूबाई मोठ्या आगीकडे बघत नव्हत्या. वरच्या एकीसाठी जे चांदीचं निरांजन आणलं होतं, ते त्यांच्या हातात रिकामं होतं.

घरी परतताना त्या मला म्हणाल्या, "माझ्या हातून राहिलं. आता तू बघ."

मी हो म्हटलं. म्हणजे मान हलवली.

मुलगी वाढली. अशक्त होती, मग नव्हती. वर्षं गेली, सासूबाई गेल्या, मी शाळेतून निवृत्त झाले. एका सकाळी चिपळुणाहून लेकीचा फोन आला. पुन्हा दिवस राहिले होते. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "आई, ती वात कुणी वळली नाही ना?"

"नाही. तुझीच होती."

मागे नात कसलं तरी गाणं म्हणत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"मग आता वळू की नको?"

आयुष्यभर मुलींना उत्तरं दिलेली बाई रिसीव्हर धरून उभी राहिली. वळली तर एक लाख एक, नाही वळली तर देवीचं देणं. दोन्हीकडून तीच संख्या माझ्याकडे बघत होती.

"थांब हं," मी म्हटलं, "आजीला विचारते."

आणि खरंच रिसीव्हर टेबलावर ठेवून मधल्या खोलीपर्यंत गेले. सासूबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.